अन्नाचे गुपित शोधणाऱ्या कमलाबाई

(झरी जामणी येथील प्रौढ साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण. नवसाक्षरांना वाचता यावे म्हणून येथे छापले आहे.)



आज मी रिकाम्या हाताने आलो नाही. ही पाहा, फडक्यात ज्वारीची भाकर बांधून आणली आहे. सकाळची आहे, वाळलेली आहे. प्रत्येकाने एकेक तुकडा घ्या. भाजी मागू नका, ठेचा मागू नका. नुसती भाकर तोंडात घाला आणि चावत राहा. गिळायची मात्र नाही. मी शंभर आकडे मोजतो, तोवर चावायची. तुमचीही उजळणी होईल.

झाले शंभर? आता सांगा, चव कशी लागते?

मागे बसलेल्या आजी म्हणतात, "गोडसर लागते जी." बरोबर आहे आजी. आता मला सांगा, भाकरीत कोणी साखर घातली होती काय? नाही. गूळ घातला होता काय? तोही नाही. मग हा गोडवा आला कुठून?

तो गोडवा तुमच्या थुंकीने तयार केला. भाकरीत पिठूळ पदार्थ असतो. त्याला स्टार्च म्हणतात. आपल्या थुंकीत एक कामकरी असतो. तो या स्टार्चचे तुकडे करतो, आणि ते तुकडे म्हणजे एक प्रकारची साखरच. हा कामकरी डोळ्यांना दिसत नाही. त्याला हात नाहीत, पाय नाहीत. पण असे कामकरी शरीरात नसते तर आपण पोटभर जेवूनही उपाशी राहिलो असतो.

या कामकऱ्याचे नाव एन्झाइम. मराठीत त्याला विकर म्हणतात. शब्द नवा आहे. फळ्यावर लिहितो. वि - क - र. तीनच अक्षरे आहेत. एका काना-मात्रेचीही भानगड नाही. फक्त पहिल्या अक्षराला वेलांटी. लिहून घ्या.

आज या विकराची आणि विकरांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंची गोष्ट मी सांगणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजींना आज हे काय सुचले? सांगतो. मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर आपल्यातल्या एक बाई मागे थांबल्या. त्यांची मुलगी दहावी पास झाली आहे. त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, पोरगी सायन्स घेतो म्हनते. तिचे बाबा म्हनतात, पुरे झालं. पोरीच्या जातीले ते झेपते काय जी?"

मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. "पुढल्या आठवड्यात सांगतो," म्हटले. कारण या प्रश्नाचे उत्तर मी पूर्वी एकदा दिले होते, आणि ते चुकले होते. ती हकीकत पुढे येईल. आधी विकर म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ.

विकर काय करतो?

आपल्याकडे सोयरीक जुळवणारा मनुष्य असतो. तो मुलाकडे जातो, मुलीकडे जातो, दोन्हीकडची बोलणी करतो. त्याने हात घातला की वर्षभर अडलेले काम आठ दिवसांत होते. लग्न लागते. नवरा-नवरी आपल्या घरी जातात. आणि हा मनुष्य? तो होता तसाच राहतो, आणि टोपी घालून दुसरी सोयरीक जुळवायला निघतो.

विकर अगदी असाच आहे. शरीरात जे काम फार सावकाश झाले असते, ते तो झटकन घडवून आणतो. काही ठिकाणी दोन पदार्थ जोडतो. काही ठिकाणी एकाचे दोन करतो. पण स्वतः खर्ची पडत नाही. एक काम संपले की दुसऱ्याला लागतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. भाकरीचा स्टार्च फोडणारा विकर डाळीतल्या प्रथिनाला हात लावत नाही. प्रथिन फोडणारा वेगळा, तेल-तूप फोडणारा वेगळा. आपल्या शरीरात असे हजारो विकर आहेत.

आणि ते फक्त माणसातच असतात असे नाही. वांगे चिरून ठेवले की काळे पडते ना? वांग्यातला विकर आणि बाहेरची हवा, या दोघांचे ते काम. म्हणून तर तुम्ही चिरलेल्या फोडी पाण्यात टाकता. पाण्यात हवा कमी लागते. मटण जून निघाले तर त्यात कच्ची पपई घालतात. पपईच्या चिकात मांसाचे प्रथिन तोडणारा विकर असतो. कपडे धुण्याच्या पावडरीतही हल्ली विकर घालतात, डाग तोडण्यासाठी. दवाखान्यात लिव्हरसाठी रक्त तपासतात आणि कागदावर 'एसजीपीटी' असे लिहून येते. तेही एका विकराचेच नाव. लिव्हरला इजा झाली की तो विकर रक्तात जास्त सांडतो. त्यावरून डॉक्टरांना अंदाज येतो.

म्हणजे पाहा, चुलीजवळ बसणाऱ्या बाईचा विकराशी रोजचा संबंध आहे. फक्त त्याचे नाव तिला कोणी सांगितले नव्हते.

कमला भागवत नावाची मुलगी

आता गोष्टीकडे वळू. १९११ साली इंदूरला एका मराठी घरात मुलगी जन्मली. तिचे नाव कमला. वडील नारायणराव भागवत. ते रसायनशास्त्र शिकलेले. काका माधवराव, तेही रसायनशास्त्र शिकलेले. बंगळूरला जमशेटजी टाटांच्या देणगीतून विज्ञानाची मोठी संस्था निघाली होती. लोक तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. हे दोघे भाऊ त्या संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी होते.

कमलेची मोठी बहीण म्हणजे दुर्गा भागवत. त्या पुढे मराठीतल्या नामांकित लेखिका झाल्या. सातपुड्याच्या भागात हिंडून त्यांनी तिथल्या लोकांची गाणी गोळा केली. एकाच घरातल्या दोन बहिणी. एकीने माणसांच्या तोंडची गाणी शोधली, दुसरीने माणसांच्या तोंडच्या घासात काय असते ते शोधले.

कमला मुंबईला शिकली. १९३३ साली ती मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झाली. रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान हे तिचे विषय. नुसती पास झाली नाही, पहिली आली. आता पुढे संशोधन करायचे, आणि ते वडील-काका शिकले त्या बंगळूरच्या संस्थेतच करायचे, असे तिने ठरवले. अर्ज केला. पहिल्या नंबराची मुलगी, तिला जागा मिळणारच, असे घरात सगळ्यांना वाटले.

उत्तर आले - जागा नाही.

कारण काय? गुण कमी? नाही. कारण एवढेच, की ती मुलगी होती.

त्या वेळी संस्थेचे प्रमुख होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. फार मोठे शास्त्रज्ञ. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. साऱ्या देशाला त्यांचा अभिमान. पण आपल्या संस्थेत मुलींना घ्यायचे नाही, असे त्यांचे मत होते. कमलेच्या वडिलांनी आणि काकांनी जाऊन विनंती केली. उपयोग झाला नाही.

मग कमला स्वतः बंगळूरला गेली. तेव्हा तिचे वय बावीसच्या आसपास. समोर नोबेल पारितोषिक मिळवलेला मनुष्य. तिने विचारले, "मला का घेत नाही, ते सांगा." ती गांधीजींच्या काळातली मुलगी होती. तिने आरडाओरड केली नाही, पण ती मागेही हटली नाही. एका मुलीचा तो सत्याग्रहच होता.

शेवटी रामन यांनी तिला घेतले, पण अटी घालून. पहिले वर्ष तिला नियमित विद्यार्थी समजायचे नाही. वर्षभर तिचे काम पाहायचे, आणि ते पसंत पडले तरच पुढे ठेवायचे. शिवाय तिच्यामुळे तिथल्या मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये.

भगिनींनो, ही अट नीट ऐका. मुलांचे लक्ष कामावरून उडाले, तर दोष कोणाचा? तिचा! आपल्या गावात हे आपण ऐकतच आलो आहोत. पण नोबेल मिळवलेल्या माणसाच्या कचेरीतही तेच होते.

कमलेला हे फार लागले. पुढे म्हातारपणीही तिने ते बोलून दाखवले. पण तेव्हा तिने अटी मान्य केल्या. दार किलकिले झाले होते. आधी आत शिरायचे, बाकीचे मग पाहू, असा तिने विचार केला असावा.

माझी चूक

रामनसाहेबांना नावे ठेवणे सोपे आहे. म्हणून इथे मी माझी स्वतःची गोष्ट सांगतो.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे शिकायची ऐपत नव्हती. मास्तर झालो, आणि शेवटी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. पंचवीस वर्षे झाली असतील. मी एका गावच्या शाळेत होतो. शाळा सातवीपर्यंत. सातवीत एक मुलगी होती. मोठी हुशार. तोंडी हिशेबात ती मला हरवायची. एकदा तिने विचारले, "गुरुजी, झाडाले पाणी मुळातून वर चढवते कोन?" मला उत्तर देता आले नाही. "पुस्तकात नाही, बस खाली," असे म्हणून मी वेळ मारून नेली.

सातवीची परीक्षा झाली. पुढची शाळा दुसऱ्या गावाला. तिचा बाप माझ्याकडे आला. गरीब कास्तकार, दोन एकर कोरडवाहू वावर. त्याने डोक्यावरचे फडके काढून हातात घेतले आणि विचारले, "गुरुजी, पोरीले पुढं धाडू का?"

बंधूंनो, तो मनुष्य मुलीला पाठवायला तयार होता. त्याला फक्त माझ्या तोंडून 'होय' ऐकायचे होते.

मी म्हणालो, "लिहिता-वाचता येते, हिशेब येतो. मुलीच्या जातीला पुष्कळ झाले. रस्ता चांगला नाही, दिवस चांगले नाहीत."

माझ्या मनात वाईट काही नव्हते. पण दार लावणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसतेच. तो म्हणतो, मी तुझ्या भल्यासाठीच लावतो. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी आईबरोबर पऱ्हाटीच्या निंदणाला जाऊ लागली. शाळेवरून जाताना ती मला नमस्कार करायची. मी खाली पाहायचो.

रामनसाहेब आणि मी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. पण या एका बाबतीत आम्ही दोघे सारखे. दोघेही खुर्चीवर बसलो होतो, आणि दोघांच्याही समोर एक मुलगी उभी होती. फरक एवढाच, की त्यांनी शेवटी तिला वर्षभर तपासून तरी पाहिले. मी तेवढेही केले नाही.

असो. पुन्हा कमलेकडे जाऊ.

बटाट्याने दिलेला धडा

बंगळूरला कमलेला श्रीनिवासय्या नावाचे गुरू मिळाले. कडक मनुष्य, पण मन लावून शिकवणारे. त्यांच्या हाताखाली ती दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांचा अभ्यास करू लागली. आपल्या देशात गरिबाच्या ताटात मांस-अंडी क्वचित. प्रथिन मिळायचे ते वरणातून आणि दुधातून. तेव्हा त्यात नेमके काय आहे, हे शोधणे म्हणजे गरिबाच्या पोटाचाच अभ्यास होता.

वर्ष संपले. रामन यांनी तिचे काम पाहिले. आता नाही म्हणायला जागाच उरली नाही. तिचा प्रवेश पक्का झाला, आणि त्यानंतर त्या संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. हे लक्षात ठेवा. कमला एकटी आत गेली, पण दार तिने उघडेच ठेवले.

१९३६ साली तिला एम. एस्सी. मिळाली. मग ती विलायतेत केंब्रिजला गेली. तिथे फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स हे मोठे शास्त्रज्ञ होते. अन्नात जीवनसत्त्वे असतात, या शोधाबद्दल १९२९ साली त्यांना नोबेल मिळाले होते. त्यांच्या विभागात कमलेला काम मिळाले. आधी डेरेक रिक्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर तिने काम केले.

तिथे तिने अभ्यासाला काय घेतले असेल? बटाटा! तोच, जो आपण भाजीत घालतो.

माणूस श्वास घेतो. ती हवा रक्तातून शरीराच्या कणाकणापर्यंत जाते. तिथे अन्नातून ताकद काढून घेण्याचे काम चालते. हे काम अनेक विकर आणि त्यांचे मदतनीस मिळून करतात. वणवा विझवताना लोक रांग करून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात ना, तशी ती रांग असते. त्या रांगेत सायटोक्रोम सी नावाचे एक प्रथिन असते. कमलेला ते बटाट्यात सापडले. झाडे-झुडुपेही श्वास घेतात, आणि त्यांच्या श्वासाच्या कामातही ह्या सायटोक्रोमचा वाटा आहे, हे तिने दाखवले.

म्हणजे काय झाले? आपण आणि बटाटा, आपण आणि बांधावरचा पळस, सगळ्यांच्या आत एकच रीत चालते. सगळ्यांची चूल सारखीच पेटते.

या शोधावर तिने प्रबंध लिहिला. पुष्कळांचे प्रबंध म्हणजे जाडजूड ग्रंथ असतात. कमलेचा होता सुमारे चाळीस पानांचा. तुमच्या उजळणीच्या वहीएवढा. पण काम पक्के होते. दीड वर्षाच्या आत तिने ते संपवले, आणि १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची पीएच. डी. ही पदवी तिला मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून आज तिचे नाव घेतले जाते.

पाने किती लिहिली यावरून काम मोजू नये. तुमच्यापैकी ज्यांनी परवा पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहिले, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

इथपर्यंत मी तिला 'कमला' म्हटले, 'ती' म्हटले. आता ती शिकून परत आली. आता आपण 'कमलाबाई' म्हणू, आणि 'त्या' म्हणू.

नीरा आणि डाळ

कमलाबाईंना विलायतेत राहता आले असते. पण १९३९ सालीच त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनाचा विभाग त्यांनी सांभाळला. जीवरसायन म्हणजे जिवंत शरीरात चालणाऱ्या रसायनांचे शास्त्र. पुढे त्या दक्षिणेत कुन्नूरला आहाराच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि तिथे जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली त्यांचे माधवराव सोहोनी यांच्याशी लग्न झाले. माधवराव विमा कंपन्यांचे अवघड हिशेब करणारे तज्ज्ञ होते. मग कमलाबाई मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या.

आता ऐका, कारण हा भाग आपल्या भागाचा आहे.

पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे नाल्याकाठी शिंदीची झाडे तुम्ही पाहता. नदीपलीकडे तेलंगणात ताडही पुष्कळ. या झाडांचा रस पहाटे उतरवला तर तो गोड, थंड असतो. त्याला नीरा म्हणतात. पण ऊन चढले की त्याच रसाला फेस येतो आणि त्याची ताडी होते. हे कशाने होते? हवेतून आणि मडक्यातून त्यात यीस्ट नावाचे बारीक जीव शिरतात. त्यांच्या अंगातले विकर रसातल्या साखरेची दारू करतात. पुन्हा विकरच! सकाळी जे लेकराला पाजावे, ते दुपारी बापाला नाल्याकाठी लोळवते.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी नीरेचा अभ्यास करावा असे सुचवले, आणि कमलाबाईंनी तो हाती घेतला. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह आहे असे त्यांना आढळले. नीरा आटवून केलेल्या गुळातही त्यांचा अंश टिकतो असे दिसले. अंगावर मूठभर मांस नसलेली आदिवासी मुले आणि गरोदर बाया, यांच्या आहारात नीरा दिली तर तब्येत सुधारते, असे त्यांच्या कामातून दिसून आले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

इथे कोणी लगेच झाडावर चढू नका. नीरा काढायला आणि विकायला सरकारी परवाना लागतो. आणि नीरा म्हणजे औषध नव्हे. सांगायचे एवढेच, की केंब्रिजहून आलेली विदुषी आपल्या गरीब बायांच्या पेल्यात काय आहे, हे पाहत बसली होती.

दुसरे काम डाळींचे. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचा विकर असतो. तो प्रथिन फोडतो. पण पुष्कळ कच्च्या कडधान्यांत असा एक पदार्थ असतो, की तो या ट्रिप्सिनला धरून ठेवतो. त्याला काम करू देत नाही. मग डाळ पोटात जाते, पण तिचे प्रथिन अंगी लागत नाही. मुंबईत कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या देशातल्या खाण्याच्या पदार्थांत हे अडवणारे पदार्थ शोधले. १९५४ सालापासून त्यांचे यावरचे लेख छापून आले.

यावर उपाय काय? चूल! नीट शिजवले की हा अडवणारा पदार्थ बहुतेक नाहीसा होतो. आपल्याकडे आता सोयाबीन फार पेरतात. कच्च्या सोयाबीनमध्ये हा पदार्थ भरपूर असतो. ते कच्चे दळून कोंबड्यांना घातले तर त्यांची वाढ खुंटते. माणसानेही ते कच्चे खाऊ नये. आपल्या आज्या कडधान्ये रात्री भिजत घालत आणि सकाळी मऊ शिजवून घुगऱ्या करत. त्यांची रीत बरोबर होती. कमलाबाईंनी त्या रीतीमागचे कारण शोधले.

मुंबईच्या आरे दूध योजनेलाही त्यांनी सल्ला दिला. पुढे त्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. संचालक म्हणजे सगळ्यात वरची खुर्ची. बघा, एका खुर्चीने जिला नाही म्हटले, ती स्वतः तशाच खुर्चीवर बसली. १९६९ साली त्या निवृत्त झाल्या.

निवृत्त झाल्या म्हणून घरी बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत काही बायांनी मिळून ग्राहकांसाठी संस्था काढली होती. विकत घेतलेला माल शुद्ध आहे काय, वजन बरोबर आहे काय, हे पाहणारी संस्था. कमलाबाई तिचे काम करू लागल्या. १९८२-८३ साली त्या तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या 'कीमत' नावाच्या मासिकात त्या सामान्य लोकांना समजेल असे लिहीत. पुडक्यावर काय छापले आहे ते वाचून मगच माल घ्यावा, हे मी तुम्हाला नेहमी सांगतो ना? वाचायला शिकण्याचा तोही एक उपयोग आहे.

१९९८ साली दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला. एवढे काम करूनही त्यांचे नाव तोवर पुष्कळांना माहीत नव्हते. सत्कार उशिरा आला. त्या समारंभातच त्या कोसळल्या, आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.

बाजारातली भेट

आता माझी राहिलेली हकीकत सांगतो आणि थांबतो.

मागच्या उन्हाळ्यात मी मुकुटबनला बाजाराला गेलो होतो. एका बाईने मला हाक मारली, "गुरुजी!" पाहतो तर तीच मुलगी. आता केस पांढरे होऊ लागलेले. भाजीचे दुकान मांडून बसली होती. बरोबर तिची मुलगी होती. मी बाकी काही बोलायच्या आधीच म्हणालो, "बाई, मी तुझं वाईट केलं. तुझ्या बापाले मी तसं सांगायला नको होतं."

ती हसली. मला वाटले, "जाऊ द्या गुरुजी, नशीब होतं," असे म्हणेल. तसे ती म्हणाली नाही. तराजू खाली ठेवून म्हणाली, "मले आजून वाटते गुरुजी, झाडाले पानी कोन चढवते ते शिकाले पायजे होतं." मग मुलीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे नववीत आहे. हिच्यासाठी कोनी तुमाले इचाराले आलं, तर धाडा म्हना."

एवढेच. तिने वांगी मोजली, पैसे घेतले. वर दोन वांगी जास्त घातली. ती दोन वांगी मला फार जड झाली.

घरी आल्यावर मी झाडाच्या पाण्याचे उत्तर शोधले. पाने ऊन खातात, त्यांतून पाण्याची वाफ हवेत जाते, आणि वरची वाफ गेली की खालचे पाणी बारीक नळ्यांतून वर ओढले जाते. उत्तर इतके सोपे होते. मी पंचवीस वर्षे उशीर केला. पुढच्या बाजाराला जाऊन मी तिला ते सांगितले. तिच्या मुलीने ते आधीच शिकून घेतले होते.

म्हणून, मागच्या आठवड्यात ज्या बाईंनी मला विचारले, त्यांना आज उत्तर देतो. बाई, मुलीला झेपते की नाही, हे मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही, तिच्या बाबांनाही नाही. रामनसाहेबांएवढ्या मोठ्या माणसालाही ते आधी कळले नव्हते. ते करून पाहिल्यावरच कळते. तिला करून पाहू द्या. मुलींना शाळा-कॉलेजला जायला एस.टी.चा मोफत पास असतो, त्याची आगारात चौकशी करा. आदिवासी मुलींसाठी सरकारी वसतिगृहे आहेत. पांढरकवड्याच्या प्रकल्प कार्यालयात अर्ज मिळतो. अर्ज भरताना अडले तर माझ्याकडे या. नाही तर असे करा, तुम्ही स्वतःच भरा. मी शेजारी बसतो. आता तुम्हाला लिहिता येते.

मुलीच्या बाबांना उद्या संध्याकाळी मीच भेटायला येतो. चहा ठेवू नका. ज्वारीची भाकर ठेवा. त्यांनाही शंभरपर्यंत चावायला लावतो.